बक्षिसाविना तालीम

पुण्यात २०२२ साली पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी एकही संघ करंडकाला पात्र नाही असा निकाल दिला, तेव्हा आमच्या कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आठवडाभर धुरळा उडाला होता. तो अजूनही पुरता खाली बसलेला नाही. पावसाळ्यात एकांकिकांचा मोसम आला की कुणीतरी तो विषय उकरून काढतोच. एका बाजूचं म्हणणं, पोरांचं वाचन नाही, कष्टाची तयारी नाही, मोबाइलमधून मान वर होत नाही, मग करंडक द्यायचा कशाला? दुसरी बाजू म्हणते, परीक्षकच जुन्या काळात अडकलेत, त्यांना आजचं नाटक कळत नाही. मी न्यू जर्सीत बसून दोन्ही बाजू वाचतो. मध्ये बोललो की 'तुझं काय जातंय तिकडे बसून बोलायला' हे ठरलेलं वाक्य येतं. ते गृहीत धरूनच लिहितो.

मला या भांडणाचं नवल वाटू लागलं ते गेल्या वर्षापासून. ओळखीतल्या एका मराठी घरातला मुलगा इथल्या कॉलेजच्या पुरुषांच्या गायनवृंदात गेला. इथे याला ग्ली क्लब म्हणतात. अमेरिकेतला हा फार जुना प्रकार आहे. हार्वर्डचा ग्ली क्लब १८५८ चा, मिशिगन विद्यापीठाचा १८५९ चा आणि आमच्या बाजूच्या रटगर्स विद्यापीठाचा १८७२ चा. पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास असे, उंच पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत, आवाजांचे चार गट असतात. चौघांच्या ओळी वेगळ्या आणि त्या एकमेकींत बसवायच्या. हा मुलगा इंजिनिअरिंगचा. लहानपणी दोन वर्षं पेटी शिकला होता, तेवढंच भांडवल. बॅरिटोनमध्ये निवड झाली. मग त्याच्या आईवडिलांबरोबर आम्हीही वर्षभर त्या क्लबचे कार्यक्रम ऐकत फिरलो.

निवड सप्टेंबरात झाली. पियानोवर तीन स्वर एकदम वाजवायचे आणि त्यातला मधला गाऊन दाखवायला सांगायचं, अशी परीक्षा. संगीत शिकणारी मुलं त्यात मोजकीच. बाकी रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, संगणक. नोटेशन वाचता न येणारेही चालतात. जुनी मुलं नव्यांना शेजारी उभं करून शिकवतात. तालीम आठवड्यातून दोनदा संध्याकाळी, ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या वेळी. परीक्षा असो, बर्फ असो, तिला सहसा सुट्टी नाही.

ऑक्टोबरचा पहिला कार्यक्रम बेतास बात झाला. बेतास बात म्हणतोय तेही शेजारधर्म म्हणून. एक गाणं साथीशिवाय होतं. दिग्दर्शकाने खिशातली छोटी स्वरनळी फुंकून षड्ज दिला, मुलांनी छान उचलला आणि दुसऱ्या कडव्यापासून सगळा जथा हळूहळू खाली उतरू लागला. टेनर दमले, बासवाल्यांनी त्यांना खाली ओढलं, मधले बॅरिटोन कुणाबरोबर जायचं या पेचात. पुढच्या गाण्याला पियानो होता. त्याचा पहिला स्वर पडला तेव्हा, आपण आधीचं गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने खाली आणून संपवलं होतं हे मुलांच्या चेहऱ्यावर दिसलं. टाळ्या झाल्या. बाहेर येऊन सगळ्यांनी कुकीज खाल्ल्या. कुणाचा नंबर आला नाही आणि कुणाचा गेलाही नाही.

डिसेंबरात ख्रिसमसच्या कार्यक्रमात तेच गाणं पुन्हा होतं. या वेळी ते स्वराला धरून उभं राहिलं. मधल्या सात-आठ आठवड्यांत काय झालं असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, काका, आम्ही फक्त 'आ' आणि 'ओ' गात होतो. सगळ्यांचा 'आ' सारखा उघडला नाही तर स्वर बरोबर असूनही घसरल्यासारखा ऐकू येतो, म्हणून ते शब्दच काढून टाकतात आणि नुसत्या 'आ'-'ओ'वर चाल म्हणून घेतात. पुढे मार्चच्या सुट्टीत बसने दौरा, गावोगावच्या चर्चमध्ये गाणं, रात्री तिथल्याच कुटुंबांकडे मुक्काम. एप्रिलात मोठा वार्षिक कार्यक्रम. शेवटच्या गाण्याला दिग्दर्शकाने प्रेक्षकांतल्या माजी सदस्यांना वर बोलावलं, तर सत्तरीचे आजोबा काठी खुर्चीला टेकवून पायऱ्यांवर चढले आणि कागद न घेता बास गायला लागले. मे महिन्यात पदवीदान, तिथेही हीच मुलं.

आता आपल्याकडचं आठवून बघा. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात समूहगान असतं. जास्तीत जास्त सहा गायक आणि दहा मिनिटं. महोत्सवाची तारीख लागली की कॉलेजात सहा बरे आवाज शोधायचे, बाहेरून एक सर आणायचे, दोनतीन आठवडे घासून एक गाणं बसवायचं. नंबर आला तर पुढची फेरी, नाही आला तर दुसऱ्या दिवसापासून ते सहा जण एकमेकांना कँटीनमध्येच भेटणार. सातव्याला, ज्याचा आवाज 'बरा' आहे पण 'चांगला' नाही, त्याला दारच नाही. एकांकिकेचंही थोड्याफार फरकाने तसंच. वर्षाचं सगळं घोडं एका मोसमात न्हायचं. अशा व्यवस्थेत ऑक्टोबरात वाईट गाण्याची सोय कुठे आहे? पहिलाच प्रयोग स्पर्धेत आणि बऱ्याचदा शेवटचाही तोच. मग परीक्षक कडक होते की मुलं कच्ची होती यावर कितीही वाद घाला. दोघांच्या हाती फक्त ती एक संध्याकाळ होती. माझ्या मते करंडक न देण्यात काही पाप नव्हतं. पण जणू त्या निर्णयावर मराठी रंगभूमीचं भवितव्य ठरणार होतं, अशा थाटात जे लिहिलं गेलं ते मला पटलं नाही.

यावर ग्रुपवर लगेच येणारा शेरा मला पाठ आहे: त्यांच्याकडे संगीताची संस्कृती आहे, आपल्याकडे नाही. हे साफ चूक. समूहाने गाणं आपल्याला नवीन आहे का? गावोगावची भजनी मंडळं, वारीतल्या दिंड्या, शाहिरामागचे झीलकरी, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. इथे फरक आहे तो पगारी माणसाचा आणि खोलीचा. दिग्दर्शक कॉलेजच्या नोकरीत असतो. रटगर्सच्या क्लबला ऑस्टिन वॉल्टर नावाच्या एकाच दिग्दर्शकाने पन्नासएक वर्षं घडवलं. दौऱ्याच्या खर्चाला माजी विद्यार्थी हात लावतात. अर्थात त्यामागे इथल्या कॉलेजची फी उभी आहे आणि ती फी ऐकली तर आपल्याकडच्या बापाला घाम फुटेल. शिवाय प्रेक्षागृहात आईबाप आणि पांढऱ्या केसांचे माजी विद्यार्थी सोडले तर गर्दी बेताचीच. कॉलेजची बाकीची पोरं त्या वेळी फुटबॉल बघत होती.

खरं तर बक्षीस नसलेली, वर्षानुवर्षं चालणारी एक गोष्ट पुण्यात आहेच. ढोल-ताशा पथकं. नदीकाठी दोनदोन महिने सराव, नवख्याला ढोल बांधण्यापासून शिकवायचं, त्यात कॉलेजची मुलंमुली, नोकरदार, सगळे. माझ्या मते ग्ली क्लबचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो या पथकांत सापडेल. पण या पथकांवरची आपली चर्चा आवाज आणि संख्या यांच्यापुढे जात नाही. २०२४ मध्ये हरित लवादाने पथकात तीसच जण असावेत असं म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि आपण दोन तट पाडून मोकळे झालो. आवाजाची तक्रार खरीच आहे, दवाखान्याशेजारी राहणाऱ्याला विचारा. पण एवढ्या मुलांना सरावाला आणणारी ही यंत्रणा उरलेले दहा महिने काय करते, हा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही.

पथकांचं आणखी एक मला आवडतं. मुली ढोल बांधून उभ्या राहिल्या आणि आज त्यांच्याशिवाय पथकाची कल्पना करवत नाही. अमेरिकेत मात्र पुरुषांचा वृंद पुरुषांचाच राहावा का, यावर अजून खल चालू आहे. भेदभावाला बंदी करणाऱ्या टायटल नाइन या १९७२ च्या कायद्याच्या नियमांतच, आवाजाच्या पट्टीनुसार निवड केल्याने वृंद एकाच लिंगाचा झाला तर चालेल, अशी सोय आहे. येल विद्यापीठाच्या व्हिफनपूफ्स या गायनवृंदाने २०१८ मध्ये पहिली मुलगी घेतली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा १८६२ चा क्लब २०२१ पासून सर्वांना खुला झाला. रटगर्सचं कॉलेजगीत १८७३ मध्ये ग्ली क्लबसाठीच लिहिलेलं, त्यात वडिलांनी मुलाला पुरुष होण्यासाठी कॉलेजात धाडल्याचा उल्लेख होता. रटगर्स कॉलेजात मुली १९७२ मध्येच आल्या, पण ती ओळ बदलायला २०१३ उजाडलं. मला विचाराल तर निवड आवाजावर होत असेल तर तो आवाज कुणाच्या गळ्यातून येतोय याची पंचाईत नको. आमचा बॅरिटोन मात्र कुरकुरला. एकोणीस वर्षांच्या मुलांनी खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि त्यात बिअर किंवा बॉल नसायचा, अशी दुसरी जागा त्याला माहीत नाही म्हणे. हे ऐकून मी थोडा गप्प बसलो, मत बदललं नाही.

परवा ग्रुपवर एकाने सांगितलं की वडिलांच्या स्मरणार्थ आपल्या कॉलेजला एक फिरता करंडक द्यायचा विचार आहे. आपल्याकडे कै. अमुकतमुक स्मृती करंडक आधीच इतके आहेत की प्राचार्यांच्या केबिनमधलं कपाट लागत नाही. मी त्याला म्हटलं, तेवढ्या पैशांत एका सरांचं आणि एका तबलजींचं वर्षाचं मानधन दे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, ज्याला यायचं त्याने यावं, वर्षात चार कार्यक्रम, निकाल नाही. त्याला कल्पना आवडली. अडचण एवढीच, की मग वडिलांचं नाव कुठे लागणार? मी म्हटलं, तालमीच्या खोलीच्या दारावर. आता आधी ती खोली मिळवायची आहे. प्राचार्यांना पत्र गेलंय.