थांबायचे तर लघवी मोजावी लागते

गेल्या पावसाळ्यात कोथरूडला राहणारे माझे मामा जुलाब-उलट्यांनी आजारी पडले. अंगदुखीसाठी घरातल्याच डब्यातली पेनकिलर दोन दिवस घेत राहिले आणि तिसऱ्या दिवशी रक्तदाब उतरल्यामुळे एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत दाखल झाले. मूत्रपिंडे मंदावली की रक्तात साठत जाणारे क्रिएटिनिन 4.2 झाले होते. डॉक्टरांनी डायलिसिसच्या संमतिपत्रावर सही मागितली आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्या रात्री दोन तट पडले. धाकट्या मामांचे म्हणणे असे, की मशीन लावले की बिल चढते, म्हणूनच ही घाई. मावसभावाचे म्हणणे नेमके उलट, की त्यांच्या सोसायटीतले एक काका डायलिसिसला उशीर झाला म्हणूनच गेले. बी. जे. मेडिकलमध्ये शिकून गेली 14 वर्षे इंग्लंडमधील लीड्सच्या अतिदक्षता विभागात काम करणारी मी. निवाडा अर्थातच माझ्यावर आला.

डायलिसिस लवकर करावे की थांबावे, हा वाद आमच्या क्षेत्रातही वर्षानुवर्षे चालला होता. 2016 साली फ्रान्समधील 620 रुग्णांच्या अभ्यासात ज्यांच्या बाबतीत थांबायचे ठरवले होते, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना डायलिसिस कधी करावेच लागले नाही. पुढे 2020 मध्ये 15 देशांतील सुमारे 3000 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात लवकर सुरू केलेल्या आणि थांबलेल्या, अशा दोन्ही गटांत 90 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे 44 टक्केच निघाले. उलट लवकर सुरू केलेल्यांपैकी जे वाचले, त्यांच्यात तीन महिन्यांनंतरही डायलिसिसवर अवलंबून राहिलेले अधिक होते. (हे आकडे गटावर टाकल्यावर मावसभावाने अंगठ्याचे चिन्ह पाठवले, त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.) मात्र पोटॅशियम धोकादायक पातळीवर गेले, रक्तातील आम्ल आवरेना, किंवा फुप्फुसांत साठलेले पाणी औषधांनी उतरेना, तर थांबण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि वाटेल तितके थांबूनही चालत नाही, हे 2021 च्या दुसऱ्या एका फ्रेंच अभ्यासाने दाखवले.

म्हणजे धाकटे मामा जिंकले, असे कोणालाही वाटेल. दुसऱ्या दिवशी मी फोन करून मामांची ताशी लघवी किती, एवढेच विचारले. 60 किलोच्या माणसाला तासाला साधारण 30 मिलीपेक्षा कमी लघवी सलग सहा तास होत असेल, तर क्रिएटिनिन वाढण्याची वाट न पाहता मूत्रपिंडाला इजा झाली असे आम्ही धरतो. तिकडून उत्तर आले, की चोवीस तासांची मिळून चारशे मिलीच्या आसपास; रात्रीच्या तासांची वेगळी नोंद नाही, कारण ड्यूटीवरच्या सिस्टरकडे चार रुग्ण होते. नंतर तिथले डॉक्टर स्वतः बोलले. ते म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचे आकडे मलाही माहीत आहेत. पण पहाटे दोनला पोटॅशियम चढले, तर डायलिसिसचा टेक्निशियन घरून येईपर्यंत मी काय करू? म्हणून दिवसाच लावून घेतो.’’ या माणसाला लोभी म्हणणे मला जमले नाही.

लीड्समध्ये आम्ही थांबू शकतो, कारण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स, हा इथला दंडक आहे आणि मशीन रात्रीही तीच चालवते. शिवाय खाटेपाशी बिल येत नसल्यामुळे हेतूबद्दल संशय घेण्याचे कारणच उरत नाही. याचा अर्थ इथे पूर्वीपासून सारे आलबेल होते, असा नाही. 2009 च्या राष्ट्रीय पाहणीत मूत्रपिंड अचानक निकामी होऊन दगावलेल्या रुग्णांपैकी जेमतेम निम्म्यांनाच चांगली शुश्रूषा मिळाल्याचे आढळले होते आणि त्यानंतर प्रयोगशाळेतूनच क्रिएटिनिनचा इशारा आपोआप जावा, अशी सोय करावी लागली. आणखी एक गोष्ट मला इथे बसून सांगायला अवघड वाटते: माझ्या विभागात तासातासाला युरोबॅग (लघवी साठण्याची पिशवी) पाहणाऱ्या परिचारिकांपैकी कितीतरी भारतात शिकलेल्या आहेत.

2025 मध्ये एका गर्भवतीकडे रुग्णालयाने आधी अनामत रक्कम मागितल्याच्या आरोपावरून पुण्यात जो गदारोळ झाला, तो रास्तच होता. पण त्यानंतरची चर्चा बिलाभोवतीच फिरत राहिली. रात्रपाळीत किती रुग्णांमागे एक नर्स आहे, हे प्रवेशाच्या वेळी लेखी सांगण्याची सक्ती असावी, अशी मागणी मी कुठे वाचली नाही. साध्या डायलिसिस मशीनवरच आठ-दहा तास हळूहळू चालवायची पद्धत भारतात रुळलेली आहे. चोवीस तास चालणाऱ्या महागड्या मशीनपेक्षा ती बरीच स्वस्त पडते आणि जगण्या-मरण्याच्या हिशेबात त्या मशीनहून कमी ठरल्याचे दिसलेले नाही. यंत्राच्या बाबतीत पुण्याने लीड्सचा हेवा करावा, असे फारसे काही नाही.

सही मामींनी केली आणि ती करा असे मीच सांगितले. नोंदीच नसताना थांबणे म्हणजे जुगार झाला असता. दोन डायलिसिसनंतर मामांची लघवी मोकळी झाली आणि अकराव्या दिवशी ते घरी आले. डिस्चार्ज कार्डावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासा, अशी ओळ नव्हती. ती मी फोनवरून मामींना लिहून घ्यायला लावली आणि अशा आजारात मूत्रपिंडाला इजा करू शकणाऱ्या पेनकिलरचा डबाही रिकामा करवला. धाकटे मामा अजून विचारतात, की त्या दोन डायलिसिसची खरेच गरज होती का. त्या रात्रीच्या तक्त्याचा फोटो माझ्याकडे आहे, पण अकरापासून पाचपर्यंतचे रकाने कोरे आहेत.