विमान पडले, म्हणजे उडवणाराच चुकला?

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या रिमोटवरची मॉडेल विमाने उडवणाऱ्या मंडळींमध्ये सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. त्याचा आशय असा की, हल्लीची किट लेझरने कापलेली आणि कारखान्यात तपासून पेटीत भरलेली असतात, त्यामुळे जवळजवळ तयार मिळणाऱ्या विमानात बांधणीची खोट उरतच नाही. विमानावर गरम करून ताणून चढवलेल्या पातळ प्लॅस्टिकच्या आवरणावरच्या, म्हणजे फिल्मवरच्या सुरकुत्या हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. चाके उखडली तर उतरवणे चुकले. आणि ज्याला शंका असेल त्याने महागडे किट घ्यावे. थोडक्यात, विमान पडले की दोष रिमोट धरणाऱ्या हाताचा. नवख्यांची बरीच विमाने हाताच्या चुकीनेच पडतात, हे मान्य करायला हवे. विमान तोंड आपल्याकडे करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते आणि भल्याभल्यांची भंबेरी उडते. पण एवढ्यावरून बाकीची विधाने खरी ठरत नाहीत.

लेझरने तुकड्याचा आकार अचूक येतो, यात वाद नाही. लाकडाचे वजन मात्र लेझर ठरवत नाही. या विमानांत वापरले जाणारे हलके लाकूड, बाल्सा, एका घनमीटरला 100 किलोपासून 250 किलोपर्यंत कसेही असू शकते, आणि एका पंखाच्या फासळ्या (आतल्या आडव्या पट्ट्या) हलक्या फळीतून, दुसऱ्याच्या जड फळीतून निघाल्या तर दिसायला तंतोतंत जुळणारे दोन पंख तराजूवर वेगळे भरतात. दुसरी अडचण कडेची आहे. लेझरने कापलेली कड जळून काळी पडते आणि त्या जळक्या थरावर चिकटवलेला सांधा कच्चा राहतो, म्हणूनच सुटे किट बांधणारे जुने लोक सांध्याच्या कडा आधी हलक्या हाताने पॉलिशपेपरने घासून घेतात. तयार बांधणीत हे घासणे झाले की नाही, हे पेटी उघडणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

कारखान्यातील तपासणीचे विधान सर्वांत जास्त पटणारे आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. वाळूजच्या किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गुणवत्ता तपासणीचे काम करणाऱ्या कोणालाही विचारा: आत बंद झालेला सांधा बाहेरून तपासता येत नाही, तो बंद होण्याआधीच पाहावा लागतो. मॉडेल विमानावर एकदा फिल्म चढली की आतला डिंक कोणालाच दिसत नाही. पातळ सीए ग्लू, म्हणजे ज्याला आपण सरसकट फेविक्विक म्हणतो त्याच जातीचा चिकटपदार्थ, घट्ट बसलेल्या दोन तुकड्यांत उत्तम शिरतो, पण मध्ये फट असेल तर ती भरत नाही. दोन तुकडे नुसते टेकलेले, वर एक थेंब, आणि पुढचे विमान हातात, अशी बांधणी जमिनीवर महिनोन्‌महिने शाबूत राहते व पहिल्याच जोरदार वळणात सुटते.

पडलेल्या विमानाचे अवशेष पोत्यात भरण्यापूर्वी तुटलेला सांधा उजेडात धरून पाहावा. नीट चिकटलेला सांधा सहसा सांध्यावर सुटत नाही. शेजारचे लाकूड फाटते आणि डिंकाला बाल्साचे तंतू चिकटून आलेले दिसतात. उलट तुटलेली बाजू गुळगुळीत असेल, तिच्यावर डिंकाचा चकचकीत ठिपका तसाच असेल आणि समोरचे लाकूड कोरे असेल, तर तेथे लाकूड कधी जोडले गेलेच नव्हते. असा पुरावा सर्वांत जास्त वेळा फायरवॉलवर, म्हणजे ज्या प्लायच्या भिंतीवर इंजिन किंवा मोटर बसते तिथे सापडतो, कारण पूर्ण ताकदीचा ओढा आणि थरथर दोन्ही तिलाच झेलावी लागतात. इंधनावर चालणाऱ्या इंजिनाचे तेल त्या लाकडात मुरू लागले की उरलासुरला डिंकही सोडतो. उडवण्यापूर्वी आतल्या कोपऱ्यांत बाल्साची तिकोनी पट्टी बसवून सावकाश सुकणारे इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा चिकटपदार्थ, भरणे, हा यावरचा जुना आणि खात्रीचा इलाज आहे.

सुरकुत्यांबद्दल मराठवाड्यात तरी असे बेफिकीर बोलणे परवडणारे नाही. दमट हवेत बांधलेले विमान आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या, चाळिशीपार उन्हाळ्यात आले की लाकडातली ओल उडते, लाकूड आकसते आणि वरची फिल्म सैल पडते. उघड्या फासळ्यांच्या पंखात ताणलेली फिल्म ही नुसती कातडी नसते, पंखाला पीळ पडू न देण्याचे कामही ती करते. ती एका बाजूने सैल आणि दुसऱ्या बाजूने ताठ असेल तर पंख पिळतो, आणि मग सरळ उडणारे विमान आपोआप एका अंगाला झुकते. इस्त्री किंवा हीटगन फिरवताना म्हणूनच पंख सरळ धरून ठेवावा लागतो. (उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विमान ठेवणाऱ्यांना फिल्मबद्दल तक्रार करण्याचा हक्क नाही, हेही ओघाने सांगून टाकतो.)

चाकांबाबत संदेश अर्धा खरा आहे. नांगरलेल्या रानातली ढेकळे आणि काळ्या मातीच्या भेगा कोणत्याही विमानाची चाके उपटतील. पण चांगल्या रचनेत चाके धरून ठेवणारा नायलॉनचा बोल्ट आधी तुटतो आणि सांगाडा वाचतो. बोल्ट जसाच्या तसा राहून तो ज्यात बसतो ती प्लायची अख्खी पट्टी निघून हातात आली, तर ती कच्ची चिकटवलेली होती.

किमतीचे सांगायचे तर जास्तीचे पैसे आकार, सजावट, वाहतूक आणि आयातकर यांतही जातात. आतल्या डिंकाची हमी त्यात नसते.

तपासत बसण्याइतका वेळ कोणाला आहे, असा शेवटचा टोलाही त्या संदेशात आहे. एलरॉन, एलेव्हेटर आणि रडर या पंख-शेपटीवरच्या हलणाऱ्या पट्ट्यांची प्रत्येक बिजागरी बोटांनी ओढून पाहणे, पेच फिरवून आटे गेलेले नाहीत ना हे बघणे, आणि दोन्ही पंखांच्या टोकांपासून त्या त्या बाजूच्या शेपटीच्या टोकापर्यंत दोरा धरून अंतर सारखे भरते का हे मोजणे, एवढे एका संध्याकाळीत होते. दोऱ्याचे माप शेपूट चिकटवण्याआधीच घ्यावे. एकदा ती तिरपी चिकटली की रिमोटवरच्या ट्रिमने, म्हणजे या पट्ट्या किंचित वळवून ठेवणाऱ्या बटणाने, विमान सरळ जाताना दिसते खरे, पण वेग बदलला की तेच विमान पुन्हा बाजूला ओढू लागते.