कॅल्विनच्या नावावर काहीही खपवू नका

आज सकाळी प्रार्थनेच्या ग्रुपवर एक क्लिप आली. दोनेक मिनिटांची असेल. एक गृहस्थ हातवारे करून सांगतायत की कॅल्विनवाल्यांचा (सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन, त्याची शिकवण मानणाऱ्या आमच्यासारख्यांचा) देव म्हणजे माणसं जन्माला घालायच्या आधीच त्यांना नरकात टाकायचं ठरवून बसलेला देव, त्यांच्या लेखी मेलेली तान्ही बाळंसुद्धा नरकातच जातात, आणि सगळं आधीच फिक्स आहे म्हटल्यावर प्रार्थना करा नाहीतर करू नका, सुवार्ता सांगा नाहीतर सांगू नका, काय फरक पडतो. खाली लगेच आमेन, आमेन, जोडलेले हात, टाळ्या. हे आमेन म्हणणारे बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत, चांगली प्रेमळ माणसं आहेत, आणि म्हणूनच जास्त चीड आली. ग्रुपवर लिहिलं असतं तर दिवसभर नुसती खडाजंगी झाली असती, म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे.

पूर्वनियोजन, म्हणजे कुणाचं तारण होणार ते देवाने आधीच ठरवलंय ही शिकवण, पटत नाही म्हणणाऱ्यांवर माझा राग नाही. नसेल पटत. विश्वासातली कितीतरी मोठी माणसं या बाबतीत आमच्या विरुद्ध बाजूला आहेत. राग याचा आहे की आम्ही जे मानतच नाही ते आमच्या तोंडी घालायचं, आणि मग ते पुढे जाऊन कुणाच्या जिव्हारी लागेल याचा विचारही करायचा नाही. मी हे पाहिलंय. माझ्या मावशीच्या बाबतीत पाहिलंय.

मावशी शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये होती. तिथे पेशंटसाठी प्रार्थना करायला लोक यायचे, त्यातल्याच एकाने बोलता बोलता तिला विचारलं, तुमची मंडळी रिफॉर्म्ड ना, कॅल्विनची शिकवण मानणारी, मग तुमच्या शिकवणीप्रमाणे देवाने तुम्हाला निवडलंय की नाही हे तुम्हाला कसं कळणार? त्याला वाटलं असेल, मुद्दा जिंकला. प्रार्थना करून तो निघून गेला. मी संध्याकाळी पोचले तेव्हा मावशीने ऑक्सिजनचा मास्क बोटाने जरासा वर उचलला आणि मला म्हणाली, "अगं, यादीत माझं नावच नसलं तर?" उशीशी तिचं मोठ्या अक्षरांचं बायबल होतं, रोमकरांसच्या आठव्या अध्यायात चष्मा ठेवून मिटलेलं. देवाच्या निवडीबद्दल बोलणाऱ्या ज्या अध्यायावर ती जन्मभर विसावली तोच अध्याय उघडा ठेवायची आता तिला भीती वाटत होती. कुणीतरी येऊन पाच मिनिटांत हे करून गेलं.

आता मला सांगा, ही शिकवण कॅल्विनने कशासाठी मांडली होती? त्याच्या मुख्य ग्रंथाची, इन्स्टिट्यूट्सची, पहिली आवृत्ती १५३६ ची, सहा प्रकरणांची, त्यात पूर्वनियोजनावर वेगळं प्रकरणच नाही. शेवटची १५५९ ची, वाढत वाढत ऐंशी प्रकरणांची झालेली, त्यात हा विषय येतो तो थेट तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे, विश्वास, पश्चात्ताप, ख्रिस्ती जीवन हे सगळं सांगून झाल्यावर. आणि त्याच्या अगदी आधीचं प्रकरण कशावर आहे? प्रार्थनेवर! अख्ख्या पुस्तकातल्या सगळ्यात लांब प्रकरणांपैकी एक. ज्याच्या नावाने 'प्रार्थना करून काय उपयोग' हे खपवलं जातं तो माणूस आधी पानंच्या पानं प्रार्थना कशी करावी ते सांगतो आणि मगच निवडीबद्दल तोंड उघडतो. आणि तोंड उघडल्यावर पहिल्यांदा काय सांगतो, तर देवाच्या गुप्त निर्णयात उगाच शिरू नका, ते चक्रव्यूह आहे, आत गेलात तर बाहेर यायची वाट सापडणार नाही. मग माणसाने करायचं काय? तेही तोच सांगतो. आपली निवड स्वतःच्या आत शोधू नका, ख्रिस्ताकडे बघा, तो आरसा आहे, त्यात ती दिसेल. 'यादीत माझं नाव आहे का' हा प्रश्न कॅल्विनने शिकवलेला नाही. त्या प्रश्नापासून माणसाला सोडवायला त्याने हे लिहिलं.

बरं, हा सगळा विचार कॅल्विनच्याच डोक्यातून निघाला असं समजणारेही खूप आहेत. अहो, ऑगस्टीनने हजारभर वर्षं आधी पेलाजियसच्या, म्हणजे माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो या, मतांविरुद्ध हेच मांडलं. ल्यूथरने १५२५ मध्ये इरॅस्मसला उत्तर लिहिलं, माणसाची इच्छा पापाच्या बंधनात आहे म्हणून, तेव्हा कॅल्विन सोळा वर्षांचा होता. आणि कॅल्विनवाल्यांचे ते प्रसिद्ध पाच मुद्दे, ज्यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ट्यूलिप म्हणतात, ते कॅल्विनने लिहिलेच नाहीत. तो १५६४ मध्ये गेला. पूर्वनियोजनाची ही मांडणी न पटलेल्या डच पंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच मुद्दे मांडले, त्यांना उत्तर म्हणून हॉलंडमध्ये डॉर्टची सभा, म्हणजे रिफॉर्म्ड मंडळ्यांची धर्मसभा, भरली १६१८-१९ मध्ये. म्हणजे पाच हा आकडासुद्धा समोरच्यांनी ठरवलेला. पण क्लिपमध्ये एवढं कोण सांगणार.

बाळांचं ऐकून तर माझ्या अंगाची आग झाली. डॉर्टच्या निर्णयांत, पहिल्याच भागात, सतरावा परिच्छेद आहे. विश्वासी आईबापांची जी लेकरं देव तान्हेपणीच नेतो त्यांच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल त्या आईबापांनी शंका घेऊ नये. इतकं स्पष्ट! चारशे वर्षांपूर्वी. वाद घालायला जमलेल्या त्या सगळ्या पंडितांना मूल गमावलेल्या आईची आठवण राहिली, आणि तुम्हाला दोन मिनिटांच्या क्लिपमध्ये राहिली नाही. खुद्द कॅल्विनचा मुलगा १५४२ मध्ये जन्मल्यावर थोड्याच काळात वारला. त्या वेळी त्याने मित्राला पत्रात लिहिलं की प्रभूने आम्हाला खोल जखम केली आहे, पण तो पिता आहे, आपल्या लेकरांसाठी काय बरं ते त्याला कळतं. अशा बापाबद्दल आपण काय बोलतोय? बाकीच्या बाळांबद्दल डॉर्टने काही म्हटलं नाही आणि त्यावर आमच्यातही एकमत नाही, हे खरं. पण गप्प राहणं वेगळं आणि नरकात पाठवणं वेगळं.

आता कुणीतरी म्हणणारच, की कॅल्विनने नाशासाठी नेमलेल्यांबद्दलही लिहिलंय. लिहिलंय. लपवत नाही. तो निर्णय भयंकर आहे असंही त्यानेच म्हटलंय, वाचून थरकाप होतो, मलाही होतो. पण क्लिपमधलं वाक्य आणि ही शिकवण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. देव जसा निवडलेल्यांमध्ये विश्वास निर्माण करतो तसाच तो बाकीच्यांमध्ये अविश्वास निर्माण करतो, हा आरोप डॉर्टच्या समारोपात साफ धुडकावून लावलाय. पाप माणसाचं स्वतःचं. तारण मात्र देवाचं देणं. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रात, म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये लिहिलेल्या रिफॉर्म्ड शिकवणीच्या जाहीरनाम्यात, तिसऱ्याच प्रकरणाच्या सुरुवातीला आहे की देव पापाचा कर्ता नाही आणि माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही. हे दोन्ही एकत्र कसं बसतं ते मला पूर्ण उलगडलंय असं नाही, पण ते एकत्र लिहिलेलं आहे, मग अर्धंच वाचून दाखवायचं याला प्रामाणिकपणा म्हणत नाहीत.

तीच गत कठपुतळीची. कृपा माणसाला फरफटत नेते असं आम्ही मानतो म्हणे. डॉर्ट म्हणतं, कृपा माणसाला दगड-धोंड्यासारखी वागवत नाही, त्याची इच्छा काढून घेत नाही, तिला जिवंत करते, बरी करते. प्रेषितांच्या कृत्यांत लुदियेचं अंतःकरण प्रभूने उघडलं असं लिहिलंय. तिला ओढत नेलं असं कुठे लिहिलंय? तिने ऐकलं, तिने विश्वास ठेवला, घरी या म्हणून पौलाला आग्रह तिनेच केला. आणि माणूस पूर्णपणे भ्रष्ट आहे असं आम्ही म्हणतो, त्याचा अर्थ प्रत्येक जण जितका वाईट होता येईल तितका वाईट आहे असा नव्हेच, पाप बुद्धीला, मनाला, इच्छेला, सगळ्यालाच लागलंय एवढाच. शेजारचा अविश्वासी माणूस माझ्यापेक्षा सज्जन असू शकतो. बऱ्याचदा असतोच.

मावशीकडे परत येते, कारण माझं डोकं तिथेच फिरतंय. मी काय उत्तर दिलं असेल तिला? काहीच नाही. हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी आमचे पाळकसाहेब आले. त्यांनी ना डॉर्ट काढलं ना कॅल्विन. योहानाच्या सहाव्या अध्यायातलं एक वचन वाचलं, पिता जे मला देतो ते सगळं माझ्याकडे येईल आणि जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही, त्या अर्थाचं ते वचन तुम्हाला पाठ असेल. मग विचारलं, "ताई, तुम्हाला ख्रिस्त हवाय ना?" मावशी म्हणाली, "मग दुसरं कोण आहे मला?" ते म्हणाले, "मग तो तुम्हाला घालवणार नाही. यादी त्याच्याकडे राहू द्या." बस. एवढंच. आणि हाच पक्का कॅल्विनिझम आहे, एकाच वचनात निवडही आहे आणि उघडं दारही आहे, अर्धं अर्धं तोडून खायला दिलं की मगच ते विष होतं.

मावशीला त्यानंतर पुन्हा कधी भीती वाटली नाही असं नाही. एका रात्री तिने परत तेच विचारलं. मी परत तेच वचन वाचलं. ती म्हणाली, पुढचं वाच. मी अध्याय संपेपर्यंत वाचत राहिले.

सुवार्तेचा मुद्दा राहिलाच. सगळं ठरलेलं असेल तर कोण कशाला सांगायला जाईल, असं विचारणाऱ्यांनी विल्यम केरीकडे बघावं. कॅल्विनच्या शिकवणीतला बॅप्टिस्ट, १७९२ मध्ये मिशन सोसायटी उभी करण्यात पुढे, १७९३ मध्ये भारतात, आणि १८०५ मध्ये ज्याने मराठीचं व्याकरण छापलं तोच हा, पुढे १८११ मध्ये मराठी नवा करारही सेरामपूरहूनच छापून निघाला. ठरलेलं आहे म्हणून हा माणूस घरी बसला का? हो, त्याच्या काळात इंग्लंडमध्ये असे कॅल्विनवाले होते ज्यांना पापी माणसाला बोलावणंच चुकीचं वाटायचं. होते. त्यांना खोडून काढणारा अँड्र्यू फुलरही कॅल्विनवालाच होता आणि तो केरीचा जवळचा सोबती होता. देव शेवट ठरवतो तसा मार्गही ठरवतो, इतकं साधं आहे. पौलाच्या जहाजाचं आठवा. दूत सांगून गेला की एकही जीव जाणार नाही, आणि तरी खलाशी लहान होडी पाण्यात उतरवून पळायला लागल्यावर तोच पौल म्हणतो, हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. दोनशे शहात्तर माणसं होती. सगळी वाचली, कुणी पोहून, कुणी फळ्यांना धरून. वचन होतं म्हणून कुणी हातपाय हलवायचे थांबले नाहीत.

आणि आता आमच्याच लोकांना बोलते, कारण क्लिप बनवणाऱ्यांना मसाला तेच पुरवतात. चार व्हिडिओ बघितले, दोन पुस्तकं चाळली की युवक सभेत प्रत्येकाला 'तू आर्मिनियन आहेस का' असं विचारत सुटायचं, नुकत्या विश्वासात आलेल्या पोरीला मर्यादित प्रायश्चित्तावरून, म्हणजे ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी मेला या मुद्द्यावरून, रडवायचं, यात कसली कृपा? ज्या डॉर्टच्या नावाने तुम्ही मुठी आपटता तेच सांगतं की ख्रिस्ताच्या मरणाचं मोल अमर्याद आहे, सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरेल इतकं, आणि सुवार्ता भेदभाव न करता सगळ्यांना सांगायची आहे. वेस्टमिन्स्टर तर स्पष्ट म्हणतं की पूर्वनियोजनाची ही शिकवण विशेष शहाणपणाने आणि काळजीने हाताळावी. निवड आपल्यात काही चांगलं होतं म्हणून नाही, हे खरंच मानत असाल तर तुमच्याइतकं नम्र कुणी दिसायला नको. मी दिसते का, हे दुसऱ्यांनी सांगावं, पण तुम्ही तर दिसत नाही.

त्रैक्य नाकारणाऱ्या सर्वेटसचं काय, हे कॉमेंटमध्ये येणारच. १५५३ मध्ये जिनिव्हात त्याला जाळलं, कॅल्विनचा त्यात हात होता, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. देवाची इच्छा सगळ्यांचं तारण व्हावं अशी आहे, हे तीमथ्याला लिहिलेलं वचनही येईल. ते आम्हाला जड जातं, मान्य. देव हवी त्यावर दया करतो म्हणणारा रोमकरांसचा नववा अध्याय तुम्हाला जड जातो.

वाद घालाच. अठराव्या शतकातले दोन मोठे उपदेशक, पूर्वनियोजन न मानणारा वेस्ली आणि मानणारा व्हाइटफिल्ड, याच विषयावर जाहीरपणे, छापून भांडले, आणि १७७० मध्ये व्हाइटफिल्ड वारला तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे लंडनमधला त्याच्या स्मरणाचा उपदेश वेस्लीने केला. असं भांडता येत असेल तर माझी तयारी आहे. आजारी माणसाच्या कॉटशेजारी मात्र हा विषय काढू नका, तुम्ही कोणत्याही बाजूचे असा. आणि काढायचाच असेल तर डॉर्टच्या पहिल्या भागातला सोळावा परिच्छेद आधी वाचा. ज्यांना स्वतःमध्ये जिवंत विश्वास अजून तितका जाणवत नाही पण देवाकडे वळायची मनापासून इच्छा आहे, त्यांनी या शिकवणीने घाबरून जाऊ नये, दयाळू देव मिणमिणती वात विझवत नाही आणि चेपलेला बोरू मोडत नाही, असं त्यात लिहिलंय. त्याच्या पुढचाच तो बाळांबद्दलचा सतरावा. दोन्ही मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत. वाचून झाल्यावर कॉमेंट करा, प्रत्येकाला उत्तर देईन.