माणसं टिकवण्याचे उपाय (पगार सोडून)

साहेब, हिंजवडीच्या तुमच्या ऑफिसातली अर्धी टीम वर्षभरात निघून गेली म्हणून गांगरून जाऊ नका. आणि पगार वाढवण्याचा अविचार तर मुळीच करू नका. एकदा चटक लागली की लोक दरवर्षी मागतात.

त्यापेक्षा टाउनहॉल, म्हणजे सगळ्या ऑफिसची सभा, घ्या. "आपण एक कुटुंब आहोत" हे पहिल्या पाच मिनिटांत आलंच पाहिजे. (घरात कुणी मुलांना बेल कर्व्हवर बसवून ठरावीक जणांना खालचे गुण देत नाही, पण हे कुणाच्या लक्षात येईस्तोवर पिझ्झा येतो.) माणशी दोन तुकडे. तिसरा उचलणाऱ्याचं नाव टिपून ठेवा, त्याच्या अपेक्षा वाढल्यात.

खरी कलाकुसर मात्र सीटीसीत, म्हणजे कंपनीला माणसामागे येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाच्या आकड्यात आहे. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, कायम नोकराला साधारणपणे ५ वर्षं भरल्यावर मिळते. दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून; म्हणजे मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. हे टक्के पहिल्या दिवसापासून त्याच्या पॅकेजात घाला. पीएफमधला आपला १२ टक्के वाटाही तिथेच टाका. लग्नाच्या बायोडेटात आकडा झकास दिसतो. एक तारखेला बँकेचा मेसेज आला की तो बिचारा बराच वेळ मोबाइलकडे बघत बसतो, ते सोडा. तिसऱ्या वर्षी गेला तर ग्रॅच्युइटी आपल्याकडेच राहिली. टिकला, तर त्याचेच पैसे त्याला हार घालून द्या आणि फोटो लिंक्डइनवर टाका.

आठ वर्षं झिजलेल्याला ६ टक्के वाढ, आणि त्याच कामावर बाहेरून दीडपट पगारात नवा माणूस, ही तर जुनी रीत. नव्याला शिकवायचं काम अर्थातच जुन्याकडे. फक्त नव्याचं ऑफर लेटर प्रिंटरवर विसरू नका. आमच्याकडे एकदा राहिलं होतं. कागदाला कुणी हातही लावला नाही, पण त्या दिवशी सगळ्या मजल्याला फार तहान लागली आणि जो तो प्रिंटरवरून वळसा घालून पाणी प्यायला गेला.

एवढं करूनही राजीनामा आलाच, तर ९० दिवसांचा नोटीस पीरियड आहेच. काल "बजेट नाही" म्हणालात, आज ३० टक्के देऊ करा. तो कसानुसा हसेल आणि जाईल. निरोपाचा केक ठरलेल्या बेकरीतूनच मागवा. महिन्याचं खातं उघडलं तर बेकरीवाला थोडं कमी लावतो.