‘खडा दिसला नाही, पैसे मात्र घेतले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा अभिप्राय परवा रात्री सोनोग्राफी सेंटर बंद करताना वाचला. रागात काही लिहू नये म्हणून दोन दिवस थांबले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडिलांच्या पोटात उजवीकडे कळा येत होत्या, गुहागरहून पहाटेच्या एसटीने त्यांना उपाशीपोटी चिपळूणला आणलं, लिफ्ट नसल्याने जिना चढवला, तीन तास बसवलं, मागून आलेल्यांना आधी आत घेतलं. मशीन जुनी, डॉक्टर (म्हणजे मी) दोन शब्द बोलल्या नाहीत, रिपोर्टमध्ये खडा नाही. आठवड्याने मुंबईत सीटी स्कॅन केला तर मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीत, ६ मिलिमीटरचा खडा. पाठवणाऱ्या डॉक्टरांचा आणि आमचा कट असणार, आणि १,२०० रुपये परत हवेत.

उत्तराआधी एक विनंती. तुम्ही रिपोर्टचा फोटो टाकलाय, त्यात वडिलांचं नाव आणि वय स्पष्ट वाचता येतं. तो कृपा करून काढून टाका. रुग्णाच्या तब्येतीबद्दल मी चारचौघांत बोलू शकत नाही, आणि तुम्ही बोललात म्हणून मला मोकळीक मिळते असंही नाही. तेव्हा दुखण्याबद्दल खाली जे लिहिते ते सगळ्याच पेशंटना लागू पडणारं आहे. आमच्या कारभाराबद्दल मात्र नेमकं लिहिते.

खडा ‘दिसला नाही’ आणि खडा ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरी पोटात सोडायच्या आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र उभं करायचं. या लहरी पाण्यातून सहज जातात, हवेपाशी अडतात. पोटावर आम्ही थंडगार जेल फासतो ते त्याचसाठी, कातडी आणि प्रोबच्या (पोटावर फिरवायच्या यंत्राच्या) मध्ये हवा राहू नये म्हणून. पण आतड्यातल्या गॅसला कुठून जेल लावणार? मूत्रवाहिनी साधारण २५ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद, शिवाय आतड्यांच्या मागे, पाठीच्या अंगाला. तिचं वरचं टोक किडनीपाशी दिसतं, खालचं टोक मूत्राशय भरलेलं असलं तर दिसतं. मधला पट्टा म्हणजे पावसाळ्यातल्या धुक्यातला परशुराम घाट. रस्ता आहे हे माहीत असतं, समोरची गाडी दिसत नाही.

म्हणून आम्ही खड्याबरोबर खड्याच्या खुणाही शोधतो. मोरी तुंबली की पाणी मागे साचतं, तसं वाहिनीत काही अडकलं की वरची किडनी फुगते. ती सूज सोनोग्राफीत दिसते. खडा डोळ्यांना दिसला नाही तरी त्याचा संशय नोंदवता येतो आणि पुढची तपासणी सुचवता येते. आणि हो, उजवीकडे दुखतं म्हणजे खडाच असं कुठे आहे? पित्ताशय असतं, अपेंडिक्स असतं, बायकांमध्ये अंडाशय असतं. ते सगळं त्याच वीस मिनिटांत बघून होतं.

मग सरळ सीटीच का करत नाहीत, हा प्रश्न तुमच्यासारखाच इतरही विचारतात. मुतखड्यासाठी साधा, इंजेक्शन न देता केलेला सीटी सर्वांत खात्रीचा, हे मी स्वतःच सांगते. पण सीटीत एक्स-रे वापरतात. छातीच्या एका एक्स-रेचा डोस ०.१ मिलिसिव्हर्ट (शरीरात जाणारे किरण मोजायचं एकक) किंवा त्याहून कमी असतो, पोटाच्या नेहमीच्या सीटीचा ८ ते १० च्या आसपास. खड्यासाठी कमी डोसवर करता येतो, तरीही तो सोनोग्राफीसारखा शून्य होत नाही. गरज असेल तिथे तो डोस घ्यायला अजिबात घाबरू नये. पण पोटात दुखलं की पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सीटीच्या बोगद्यात घालायचं, हे मला पटत नाही. खर्चही तिप्पट-चौपट होतो. आमच्याकडे सीटी नाही, तो करायला दुसरीकडे पाठवावं लागतं, हेही इथेच सांगून टाकते.

आता आमची चूक. खरं तर हे पत्र त्याचसाठी लिहायला घेतलं.

मधली मूत्रवाहिनी गॅसमुळे दिसली नाही, तर आम्ही रिपोर्टच्या अगदी तळाशी तसं लिहितो आणि सीटी करून घ्या असंही लिहितो. ही ओळ इंग्रजीत असते, छोट्या अक्षरांत, माझ्या सहीच्या वर. तुमच्याकडच्या कागदाची शेवटची ओळ एकदा कुणाकडून तरी वाचून घ्या, एवढंच म्हणते. ती ओळ मी पाठवणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहिते आणि समजते की माझं काम झालं. प्रत्यक्षात कागद खिडकीतून पेशंटच्या हातात जातो, खिडकीतली मुलगी सांगते ‘डॉक्टरांना दाखवा’, आणि मंडळी वरचं ‘नॉर्मल’ ‘नॉर्मल’ वाचून एसटी पकडतात. पेशंटला कळा थांबलेल्या असतात. थांबतातच, खड्याच्या कळा लाटांसारख्या येतात-जातात. मग डॉक्टरांकडे जायचं राहूनच जातं.

‘डॉक्टर बोलल्या नाहीत’ हे तुमचं वाक्य म्हणून मला सगळ्यात जास्त लागलं. तपासताना मी गप्प असते, कारण डोळे पडद्यावर असतात. पण तपासणी झाल्यावर एक मिनिट थांबून ‘आजोबा, मधली नळी दिसली नाही, दुखणं पुन्हा आलं तर सीटी करायचाच’ एवढं सांगायला काही लागत नाही. त्या आठवड्यात गणपतीला आलेले चाकरमानी परतीच्या आधी आई-वडिलांच्या तपासण्या उरकत होते, बाहेर पन्नास माणसं होती. हे कारण झालं, पण तुमच्या वडिलांनी त्यानंतरचा आठवडा कळांमध्ये काढला असेल तर त्यापुढे ते कारण तोकडंच आहे. याबद्दल मी माफी मागते. या सोमवारपासून ज्या रिपोर्टमध्ये पुढची तपासणी सुचवली आहे, तो खिडकीतून मिळणार नाही. पेशंटला किंवा घरच्यांना आत बोलावून मी मराठीत सांगेन, आणि ती ओळ मराठीत हाताने लिहून देईन. पाठवणाऱ्या डॉक्टरांनाही त्याच दिवशी फोन जाईल.

तीन तासांबद्दल. तुम्ही लिहिलंय की फोनवर ‘काही खाऊ-पिऊ नका’ सांगितलं आणि इथे आल्यावर एक लिटर पाणी प्यायला लावलं. हा सरळसरळ आमचा घोळ. पोटाच्या सोनोग्राफीला सहा तास खाणं बंद ठेवायचं, कारण खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं. चहा-दूधही नको. पाणी मात्र चालतं. मूत्रमार्ग बघायचा तर पाणी पिऊन, लघवी न करता यायला हवं. कोरड्या पोटी आलेल्या माणसाचं मूत्राशय भरायला तास-दीड तास सहज जातो. वयस्कर माणसाला पहाटेपासून घोटभर पाण्याविना आणलंत ते आमच्या अर्धवट सूचनेमुळे. फोन घेणाऱ्या मुलीला मी ओरडले नाही, कारण तिला लिहून दिलेल्या कागदावरच ‘खाणंपिणं बंद’ असं होतं, आणि तो कागद माझ्याच हस्ताक्षरातला. तो बदलला आहे.

मागून आलेल्यांना आधी घेतलं, हे मात्र पुन्हाही घेईन. गरोदरपणात रक्तस्राव, अपघात, लहान मुलाच्या अंडकोषात अचानक कळ, असं काही आलं की बाकीची रांग थांबते. कोण कशासाठी आलंय हे बाकी रांगेला सांगता येत नाही, म्हणून ते वशिल्यासारखं दिसतं.

जिना. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा सेंटर तळमजल्यावर होतं. सोनोग्राफी मशीन, एक्स-रे, फाइली, सगळं पाण्याखाली गेलं. चिखल उपसायलाच पंधरा दिवस लागले. कर्ज काढून पुन्हा उभं केलं ते पहिल्या मजल्यावर, आणि त्या इमारतीत लिफ्टला जागा नाही. तेव्हा मशीन जुनी म्हणालात त्यावर हसू आलं, २०२२ मध्ये घेतलेल्या त्या मशीनचे हप्ते अजून चालू आहेत. पण चढू न शकणाऱ्यांसाठी खुर्ची आणि उचलायला दोन माणसं आमच्याकडे असतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. जिन्याच्या तोंडाशी आता बेल आणि पाटी लावली आहे.

कट. पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला कमिशन देणं-घेणं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार गैर आहे. काही ठिकाणी ते चालतं हे मला ठाऊक आहे, आणि त्यामुळेच आमच्याकडे न येणारे पेशंटही मला ठाऊक आहेत. आम्ही देत नाही.

जाता जाता तुम्ही पत्नीच्या सोनोग्राफीच्या वेळी ‘गुन्हेगारासारखे कागद मागितले’ असंही लिहिलंय. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा आहे, त्यातला एफ फॉर्म प्रत्येक गरोदर स्त्रीचा भरावाच लागतो. त्यातली चूक किंवा अपुरी नोंद हाही कायदाभंग धरला जातो, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. सही आणि ओळखपत्र पुढच्या खेपेलाही मागू.

पैसे परत देणार नाही. तपासणी झाली आहे, आणि तिच्या मर्यादेत नीट झाली आहे असं माझं मत आहे. समजावून सांगणं राहिलं, त्याची भरपाई पैशांनी करायला गेले तर तुम्हीच म्हणाल, तोंड बंद करायला दिले.

त्याऐवजी मुंबईच्या सीटीची सीडी घेऊन या. आमची चित्रं आणि ती शेजारी शेजारी लावून बघू. माझ्याकडून काही सुटलं असेल तर तुमच्यासमोर सांगेन. वेगळी फी नाही, दुपारी दोन ते तीन मी मोकळी असते. वडिलांना आणायची गरज नाही, उगाच जिना नको. घरी कुळथाचं कढण चालू असेलच, ते प्यायला माझी ना नाही. पण भिस्त त्यावर नको. पाणी भरपूर, आणि ६ मिलिमीटरचा खडा पडला की अडकलाय हे मूत्ररोगतज्ज्ञांकडून तपासून घ्याच. ताप आला किंवा लघवी बंद झाली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्यांच्या कळा थांबल्या का, ते इथे नको, सेंटरच्या फोनवर कळवा.