चित्रं काढून पक्षी वाचतात का? एका मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: भिंतींवर माळढोक पक्षी रंगवून आणि मेलेल्या पक्ष्यांची प्रदर्शनं मांडून एकही पक्षी वाचत नाही, पक्षी मांजरं मारतात, मांजाचा प्रश्न संक्रांतीपुरता, हवा आहे तो फक्त कायदा, बाकी पैशांची उधळपट्टी. लिहिणाऱ्याची लेखणी सफाईदार आहे, म्हणून वाचणारा मान डोलावतो आणि पुढे ढकलतो.

मांजरांचं आधी उरकून घेऊ. अमेरिकेतल्या 2013 च्या अभ्यासात मांजरांमुळे मरणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज वर्षाला 130 ते 400 कोटी निघाला, हे खरंच. पण त्या खंडात ही मांजरं नेली माणसानेच. पाळून सोडून दिलेल्या मांजराचं खापर निसर्गावर कसं फोडणार?

मांजा संक्रांतीपुरता, हेही चूक. नायलॉन कुजत नाही. पतंग कटला की दोरा वडा-पिंपळावर, तारांवर अडकतो आणि महिनोन्‌महिने तिथेच लोंबतो. रातथाऱ्याला येणारे बगळे आणि घारी अंधुक उजेडात त्यात सापडतात. सुटायला जितके फडफडतात तितका तो पंखात रुततो.

‘कायदा हवा’ हे मात्र अर्धं मान्य. गिधाडांची घसरण काही चित्रांनी मंदावली नाही. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हा शोध 2004 साली प्रसिद्ध झाला; 2006 मध्ये भारताने गुरांसाठी ते औषध बंद केलं. कायद्याचंच काम. मग मांजाचं बघा. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो चोरून विकला जातो, आणि मागणारं गिऱ्हाईक आपल्याच घरातलं असतं. औषध कारखान्यात अडवता येतं. पोराच्या हातातला मांजा अडवायला आई-बापाला आधी त्याची शिसारी यावी लागते, आणि ती कलम वाचून येत नाही.

आता ‘एकही पक्षी वाचत नाही’. आसामच्या कामरूप जिल्ह्यात हरगिला नावाचा प्रचंड करकोचा आहे. मढी खातो, घरट्याखाली घाण आणि दुर्गंध करतो. लोक त्याला अपशकुनी मानत, परसातलं घरट्याचं झाड तोडून टाकत आणि पिल्लं खाली पडून मरत. वन्यजीव संशोधक पूर्णिमा देवी बर्मन यांनी तिथल्या बायकांना गोळा केलं. त्यांनी हरगिल्यावर गाणी रचली, पक्षिणीचं डोहाळजेवण घालावं तसे समारंभ केले, आणि मागावर साड्यांत, गमछांत हरगिला विणला. ज्याला हाकलायचं तोच अंगावर मिरवायला लागल्यावर झाड तोडणं अवघड झालं. त्या गावांतली तीसच्या आतली घरटी अडीचशेच्या पुढे गेली. 2022 मध्ये बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण सन्मान मिळाला. सगळं श्रेय विणकामाचं नाही, घरोघरी फिरणंही त्यात आहे. पण विणकाम काढून टाका आणि उरतं ते एका बाईंचं भाषण.

हे सोलापूरकराला समजावून सांगावं लागतंय याची मला गंमत वाटते. आपल्या जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरींवर मोर पिढ्यान्‌पिढ्या आहे. चौकटीच्या ग्राफवर मोर बसवणाऱ्या डिझायनरला माळढोक अवघड नाही.

भिंतींबद्दलचा मेसेजवाल्याचा राग मात्र मला पटतो. नुसता सुंदर माळढोक, मागे गवत, वर ‘पक्षी वाचवा’. अशा भिंतीसमोर लोक सेल्फी काढतात आणि जातात. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं, इथून तासाभराच्याही आत, तरी माळढोक मरतो कशाने हे किती जणांना सांगता येईल? हा जड पक्षी जमिनीकडे बघत उडतो, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि वीजवाहिनी दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरच्या वाळवंटातल्या सुमारे 4,200 चौ. किमी भागात वीजतारांमुळे वर्षाला 84,000 च्या आसपास पक्षी मरतात. त्यात सगळ्या जातींचे आले. भिंतीवर ती तार काढा ना! पक्ष्याला तार दिसावी म्हणून तिच्यावर लावायच्या फिरत्या चकत्याही काढा. चित्राने मरणाचं कारण दाखवलं नाही तर मेसेजवाला जिंकला.

मेलेल्या पक्ष्यांचं प्रदर्शन ही विकृती, असाही सूर आहे. टोरांटोत काचेवर आपटून मेलेले पक्षी स्वयंसेवक गोळा करतात आणि दरवर्षी जातवार, रंगवार मांडतात. बघणारा गप्प होतो. आपल्याकडे तसं करू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मेलेला वन्यपक्षी उचलून घरी ठेवणंही गुन्हा ठरू शकतो. वनविभागाला कळवा, फोटो घ्या. मांडायलाच पक्षी हवेत तर टॉवेलच्या चिंध्यांचे शिवा.

राहिली उधळपट्टी. पक्षी वाचवायला नेहमीच मोठा पैसा लागतो असं नाही. 5 ऑक्टोबर 2023 ला शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीवर आपटून सुमारे हजार पक्षी मेले. पुढच्या वर्षी त्या काचांवर ठिपक्यांची फिल्म लावली आणि त्या हंगामातले मृत्यू जवळजवळ 95 टक्के घटले. ठिपके रांगोळीसारखे, साधारण पाच-पाच सेंटिमीटरवर. आपल्या सात रस्ता चौकातल्या शोरूमवाल्यालाही हे परवडेल. फक्त ठिपके काचेच्या बाहेरून हवेत. आतून लावले तर काचेवरचं आकाश-झाडांचं प्रतिबिंब तसंच राहतं आणि पक्षी त्यालाच फसतो. आणि घारीचा एकच काळा स्टिकर चिकटवून भागत नाही, पक्षी त्याच्या शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतात.