वर राहिलेला तिसरा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव घातलेलं नाही, म्हणून नुसतंच नमस्कार. अपोलो, म्हणजे माणसाला चंद्रावर नेणाऱ्या अमेरिकेच्या मोहिमा, त्यांतल्या विक्रमांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. अपोलो १३ नं गाठलेलं पृथ्वीपासूनचं ४,००,१७१ किलोमीटर अंतर हा पराक्रम नव्हे, अपघात आहे, तो यादीत आलाच कसा? आणि अपोलो १७ मधून चंद्रावर उतरलेल्या सर्नन-श्मिट जोडीला मी डोक्यावर घेतलं, पण वर यानात राहिलेल्या तिसऱ्याचं, रॉन इव्हान्सचं नावसुद्धा नाही.

दुसरा आधी घेतो, कारण तिथे मी सपशेल चुकलो. खालचे दोघं ७५ तास चंद्रावर राहिले हे मी कौतुकानं लिहिलं. इव्हान्स चंद्राभोवती जवळजवळ १४८ तास होता, ७५ प्रदक्षिणा, त्यातले तीन दिवसांहून जास्त एकटा. चंद्राच्या कक्षेत इतका मुक्काम अपोलोत दुसऱ्या कुणीच केला नाही. दर फेरीला यान चंद्राआड गेलं की रेडिओ बंद. परतीच्या वाटेवर, १७ डिसेंबर १९७२ ला, यानाबाहेर येऊन फिल्मची डबडी आत आणली तीही त्यानंच. मोहिमेत त्याची कात्री हरवली आणि जेवणाची पाकिटं कापायची पंचाईत झाली, हे मला पाठ होतं. विक्रम मात्र सुटला! काय बोलणार. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिला आक्षेप अर्धाच मान्य. १३ एप्रिल १९७० ला ऑक्सिजनची टाकी फुटली आणि चंद्राला वळसा घालून पृथ्वीकडे आणून सोडणारी वाट धरावी लागली. ही वाट चंद्रापासून २५४ किलोमीटरवरून जात होती. इतर मोहिमा ११०च्या आसपास कक्षा धरत. म्हणजे अपघाताची भर साधारण दीडशे किलोमीटरची. बाकीचं श्रेय चंद्राचं, तो त्या दिवसांत पृथ्वीपासून आपल्या लांबच्या टोकाजवळ होता. तेव्हा हा धड पराक्रमाचा आकडा नाही, तसा धड अपघाताचाही नाही. पराक्रम आहे तो ती वाट धरण्यात: चंद्रावर उतरण्यासाठी बनवलेलं इंजिन भलत्याच कामाला लावून, अर्धा मिनिट चालवून अंतराळवीरांनी मार्ग बदलला. आकडा यादीत ठेवतोय, शेजारी हे लिहून.

आणि नशिबाचा वाटा असलेलं सगळंच वगळायचं, तर अपोलो १७ च्या रोव्हरचा, म्हणजे चंद्रावर चालवायच्या गाडीचा, सुमारे ३६ किलोमीटरचा विक्रमही गोत्यात येतो. पहिल्याच दिवशी सर्ननच्या हातोडीनं रोव्हरचं मडगार्ड मोडलं. चिकटपट्टीनं बसवलेलं टिकलं नाही आणि चाकाची धूळ अंगावर उडायला लागली. ती धूळ सूटला चिकटते, बॅटऱ्या तापवते. दुसऱ्या दिवशी चार नकाशे एकमेकांना चिकटवून, यानातल्या दिव्याचे चिमटे लावून नवं मडगार्ड बसवलं, आणि त्या एका फेरीत वीस किलोमीटर झाले. ते नकाशांचं मडगार्ड त्यांनी काढून सोबत परत आणलं. यादीत त्यालाही एक ओळ द्यावी असं आता वाटतंय. तुमची हरकत असेल तर कळवा, या वेळी नावानिशी.